९०० मिमीवर एरर शून्य केला की मध्ये १४ मायक्रॉन उरतात: चूक एन्कोडरची की माझ्या कॅलिब्रेशनची?

स्लाइडवाला

नमस्कार मंडळी. एसपीएमवर (खास एका कामासाठी बनवलेल्या मशीनवर) एक सरळ स्लाइड आहे आणि तिचं पोझिशन कॅलिब्रेशन काही केल्या बसत नाहीये. आधी तपशील देतो.

प्रवास १००० मिमी. बॉलस्क्रू १० मिमी लीडचा (एका फेऱ्यात स्लाइड १० मिमी सरकते), रोल केलेला, अचूकतेचा वर्ग ७. सर्व्हो मोटर थेट कपलिंगने जोडली आहे. मोटरच्या मागे फेऱ्याला २५०० पल्सचा इन्क्रिमेंटल एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर). चौपट करून फेऱ्याला १०,००० काउंट मिळतात, म्हणजे १ काउंट = १ मायक्रॉन. लिनियर स्केल (स्लाइडची जागा थेट मोजणारी पट्टी) नाही. मोटरच्या बाजूला फिक्स्ड बेअरिंग, दुसऱ्या टोकाला सैल आधार. होमिंग (शून्याची जागा शोधणं) आधी प्रॉक्सिमिटी स्विचवर, मग पुढच्या झेड पल्सवर (एन्कोडर फेऱ्याला एकदाच देतो तो).

लेझर इंटरफेरोमीटर लावून दर १०० मिमीवर मोजलं. मशीन रात्रभर बंद होतं, खोली २७ °से. एरर म्हणजे प्रत्यक्ष वजा मागितलेलं, मायक्रॉनमध्ये:

०: ०
१००: +७
२००: +१४
३००: +२१
४००: +२७
५००: +३१
६००: +३२
७००: +३१
८००: +३१
९००: +३१

दोन तास उत्पादन चालवून पुन्हा बघितलं तर ९०० वर +८३. शिवाय उलट्या दिशेने त्याच जागी आलो की ८-९ मायक्रॉनचा फरक पडतो.

इलेक्ट्रॉनिक गिअर रेशो (किती काउंटला किती मिमी हे प्रमाण) बदलून थंड स्थितीत ९०० वरचा एरर शून्य केला, पण मग ५०० वर +१४ राहतात. आणि कधीकधी होमिंग झाल्यावर अख्खी स्लाइड बरोब्बर १० मिमीने सरकलेली असते.

भाग स्टीलचा आहे, ९०० मिमीच्या मापावर ±१५ मायक्रॉन हवेत. एन्कोडर बदलावा का? जास्त पल्सचा घेतला तर फरक पडेल?

---

सर्व्हो_सोबती

एन्कोडरला इतक्यात फाशी देऊ नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांत किमान चार वेगवेगळे एरर एकमेकांत मिसळलेत, आणि त्यातला एकही जास्त पल्सच्या एन्कोडरने जाणार नाही. १ काउंट १ मायक्रॉन हे रिझोल्यूशन ±१५ साठी भरपूर आहे. २० बिटांचा लावलात तर तेच ३१ मायक्रॉन तुम्हाला दशांश चिन्हानंतर आणखी दोन आकडे लावून दिसतील, बस.

पहिलं काम: गिअर रेशो मूळ जागी न्या. १०,००० काउंट = १० मिमी. रेशो हे यंत्ररचनेचं वर्णन आहे, एरर लपवण्याची जागा नाही. तो बदलला की सरळ रेषेचा कल तेवढा बदलतो. तुमचा आलेख ५०० पर्यंत चढतो आणि पुढे सपाट होतो. अशा वक्र रेषेला दोन टोकांत बांधलं तर पोटात फुगवटा राहणारच, तेच ते १४. दुसरा तोटा असा की रेशो तिरपागडा झाला की दोन झेड पल्समधलं अंतर स्क्रीनवर १०.००० दिसत नाही, आणि पल्स हरवतात का हे तपासण्याची सगळ्यात सोपी खूण हातची जाते.

ती तपासणी आजच करा. ड्राइव्हमध्ये झेड पल्सवर काउंट लॅच करायची (त्या क्षणीचा आकडा धरून ठेवायची) सोय असते. स्लाइड ९०० मिमी नेऊन आणा, आधी सावकाश, मग पूर्ण वेगात. लॅच झालेल्या कुठल्याही दोन काउंटमधला फरक १०,००० च्या नेमक्या पटीत हवा. सावकाश चालवताना बरोबर आणि वेगात कमी भरला, तर इनपुट कार्डाची मर्यादा बघा. १८ मी/मिनिट म्हणजे १८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे एका चॅनेलवर ७५ किलोहर्ट्झ. ५० किलोहर्ट्झच्या कार्डावर एवढ्या वेगात काउंट गळणारच. वेगाशी संबंध नसताना कधीतरी गळत असतील तर वायरिंग बघा: डिफरन्शियल जोड्या पिळलेल्या आहेत का, टोकाला १२० ओहमचं टर्मिनेशन आहे का, शील्ड क्लॅम्पने पूर्ण गोलाईत दाबलंय की नुसती शेपटी काढून लांब वायरने जोडलंय, आणि केबल मोटरच्या पॉवर केबलला चिकटून तर जात नाही ना.

१० मिमीची उडी हे तर ओळखीचं दुखणं आहे. उडी बरोबर एका लीडएवढी, म्हणजे होमिंग शेजारचा झेड पल्स पकडतंय. स्विच लागतो ती जागा आणि झेड पल्स यांत अंतर फार कमी आहे. स्विच दर वेळी एक-दोन दशांश मिमी पुढेमागे लागतो, त्यामुळे कधी पल्स स्विचच्या अलीकडे राहतो, कधी पलीकडे. ड्राइव्हमध्ये स्विचपासून झेडपर्यंतचं अंतर बघा आणि डॉग (स्विच लावणारा तुकडा) असा सरकवा की ते साधारण ५ मिमी, म्हणजे अर्धा फेरा, होईल. हे कॉम्पेन्सेशन टेबल (प्रत्येक जागेच्या दुरुस्तीचा नियंत्रकातला तक्ता) भरायच्या आधी उरका. नंतर डॉग हलवून दुसरा पल्स पकडला गेला तर अख्खं टेबल १० मिमी बाजूला सरकेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जाता जाता, गिअरबॉक्स असलेल्या गोल अक्षांवर रेशो दशांशात लिहू नका, अपूर्णांकातच लिहा. २८:९ च्या जागी ३.१११ लिहिलं की दर फेऱ्याला सुमारे ०.०१३ अंश सुटतात आणि एकाच दिशेने १०० फेरे झाले की १.३ अंश. तिथेही आधी एन्कोडरलाच शिव्या बसतात.

---

मापनकट्टा

लेझरबद्दल दोन प्रश्न, ज्यांच्या उत्तराशिवाय तुमच्या +३१ ला काही अर्थ नाही. मटेरियलचं तापमान मोजणारा प्रोब कुठे लावला होता? आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रसरण गुणांक किती टाकला होता?

का विचारतोय ते सांगतो. लांबीच्या मापाचं संदर्भ तापमान २० °से. स्टील मीटरला दर अंशाला साधारण ११.७ मायक्रॉन वाढतं. तुमचा स्क्रू २७ ला आहे, म्हणजे ९०० मिमीत तो २० च्या मानाने ७४ मायक्रॉन लांब. गुणांक ० ठेवला असेल तर लेझरने खरी, फुगलेली लांबी दाखवली. त्यातून ७४ वजा केले तर तुमचा एरर +३१ नसून −४३ आहे. चिन्हच उलटलं.

आता +३१ मानून दुरुस्ती केली तर काय होईल बघा. स्लाइड २७ अंशांना खरंखुरं ९००.००० जाईल. भागही तेव्हा २७ ला आहे. तो थंड होऊन २० वर मोजला गेला की ८९९.९२६ भरेल. मशीनचं सर्टिफिकेट स्वच्छ, भाग भंगारात.

हवेचं तापमान, दाब, आर्द्रता यांचं कॉम्पेन्सेशन सगळे न चुकता लावतात, कारण ते किटबरोबर येतं. त्याचा परिणाम किती? हवेच्या १ अंशाला लांबीच्या दशलक्षांशाएवढा, म्हणजे तुमच्याकडे ०.९ मायक्रॉन. दाबातल्या ३.३ हेक्टोपास्कलच्या फरकालाही साधारण तेवढाच. स्क्रूचा १ अंश मात्र १०.५ मायक्रॉन खातो. तरी प्रोब मशीनवर चिकटवायचा तेवढा राहून जातो.

मांडणीतल्या दोन चुका तपासा. लेझरचा किरण स्लाइडच्या गतीला समांतर नसेल तर वाचन कमी येतं; मीटरला १ मिमी तिरपा असेल तर अर्धा मायक्रॉन. म्हणजे किरण टार्गेटवरून सरकत नाही इतपत जुळवला की पुरे. दुसरी चूक मोठी आहे. रिफ्लेक्टर टूलच्या उंचीवर हवा. स्लाइड चालताना ८ आर्कसेकंद (१ आर्कसेकंद = अंशाचा ३६००वा भाग) डुलत असेल आणि रिफ्लेक्टर टूलपासून २५० मिमी खाली बसवला असेल, तर जवळजवळ १० मायक्रॉनचा फरक पडतो. मग तुम्ही कॅलिब्रेट करताय ती जागा कापणारी जागाच नव्हे.

आणि दर १०० मिमीवर मोजलंत म्हणजे दर वेळी स्क्रू एकाच कोनात थांबला. एका फेऱ्याच्या आत काय चाललंय ते तुमच्या मोजणीत दिसूच शकत नाही. कुठल्याही एका जागी, समजा ४०० ते ४२० मध्ये, दर १ मिमीवर मोजा.

---

जुना_फिटर

वरच्या दोघांनी विजेचं आणि हवेचं बघितलं, मी लोखंडाचं बघतो.

दिशा बदलल्यावर ८-९ मायक्रॉन हे १००, ५०० आणि ९०० वर वेगवेगळे मोजा. तिन्ही ठिकाणी सारखे असतील तर ढिलाई एका जागी आहे: नट, थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूला लांबीच्या दिशेने धरणारं), नाहीतर कपलिंग. टोकाकडे जाताना वाढत असतील तर स्क्रूला पीळ पडतोय किंवा तो दाबला जातोय, म्हणजे गाइड जड चालतोय. मग ग्रीस, वायपर आणि गाइडची समांतरता आधी बघायची.

थ्रस्ट बेअरिंगची परीक्षा स्वस्त आहे. स्क्रूच्या सैल टोकाला सेंटर होल असतं. त्यात ग्रीसने एक स्टीलची गोळी बसवा. १ मायक्रॉनचा डायल सपाट टोकाने गोळीवर टेकवा, स्टँड मशीनच्या बेडवर. आता सर्व्हो चालू ठेवून एक फेरा सावकाश फिरवा. सुई फेऱ्यागणिक पुढेमागे होत असेल तर लॉकनटचा चेहरा स्क्रूच्या अक्षाला काटकोनात नाही किंवा बेअरिंग तिरपं बसलंय. दिशा बदलताना सुई उडी मारत असेल तर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) गेलाय. दोन्ही होत असेल तर बहुतेक लॉकनट सैल झालाय.

हे दुरुस्त होईपर्यंत सॉफ्टवेअरमधल्या बॅकलॅशच्या (दिशा बदलताना दिसणाऱ्या ढिलाईच्या) खान्यात आकडा टाकू नका. सैल बेअरिंगची ढिलाई लोडप्रमाणे बदलते. आज ९ टाकाल, कटिंग सुरू झालं की १४ होईल, आणि टाकलेले ९ प्रत्येक वळणावर टोचत राहतील.

---

स्लाइडवाला

सगळ्यांचे आभार. तपासून आलो.

रेशो मूळ जागी आणला. झेड पल्समधला फरक सावकाश आणि १८ मी/मिनिट दोन्हीकडे नेमका १०,००० च्या पटीत, एकही काउंट गळत नाही. स्विचपासून झेडचं अंतर फक्त ०.३ मिमी निघालं. डॉग सरकवून ५.१ केलं.

मटेरियल प्रोब बेडवर होता पण गुणांक ० च होता. ११.७ टाकून पुन्हा मोजलं:

०: ०
१००: −१
२००: −२
३००: −४
४००: −६
५००: −१०
६००: −१७
७००: −२६
८००: −३५
९००: −४३

४०० ते ४२० मध्ये दर १ मिमीवर मोजल्यावर स्वच्छ साइन लहर दिसली, ±४ मायक्रॉन, दर १० मिमीला एक. दिशेचा फरक १०० वर ८, ५०० वर ९, ९०० वर ९. गोळी लावून डायल बघितला: एका फेऱ्यात ७ मायक्रॉनचा झोका, आणि दिशा बदलताना ५-६ ची उडी.

±४ ची लहर एन्कोडरच्या डिस्कच्या विकेंद्रीपणातून (डिस्कचं केंद्र शाफ्टच्या अक्षावर नसण्यातून) येत असेल का?

---

सर्व्हो_सोबती

हिशोब करून बघा. ±४ मायक्रॉन म्हणजे १० मिमीच्या फेऱ्यात ±०.१४४ अंश, सुमारे ५१८ आर्कसेकंद. विकेंद्रीपणाचा एरर आर्कसेकंदात काढायचा तर ४१२ ला विकेंद्रीपणाने (मायक्रॉन) गुणायचं आणि डिस्कवरच्या रेघांच्या व्यासाने (मिमी) भागायचं. व्यास ३० मिमी धरला तरी डिस्क ३८ मायक्रॉन बाहेर बसलेली हवी. स्वतःच्या बेअरिंगसह बंद डब्यात येणाऱ्या एन्कोडरमध्ये एवढं नसतं. डिस्क वेगळी येते आणि शाफ्टवर आपणच बसवतो, त्या प्रकारात मात्र सहज होतं. तिथे डिस्क सेंटर करायची किंवा समोरासमोर १८० अंशांवर दोन रीडहेड (रेघा वाचणारे सेन्सर) लावून सरासरी घ्यायची, म्हणजे फेऱ्याला एकदा येणारा एरर आपोआप कटतो.

तुमच्याकडे डायलने ७ चा झोका स्क्रूवरच दाखवलाय. लहरीची उंची टोकापासून टोकापर्यंत ८. चोर सापडला.

---

जुना_फिटर

लॉकनट काढा. त्याचा चेहरा आणि बेअरिंग टेकतं तो खांदा, दोन्हींवर बर (धातूची उचललेली धारदार कड) किंवा कचरा बघा. चेहरा वाकडा असेल तर नट बदला, तीन ग्रब स्क्रूचा बॅलन्स करता येणारा प्रकार मिळाला तर उत्तम. टॉर्क बेअरिंगच्या तक्त्यातला लावा, हाताच्या अंदाजाने नको. जास्त आवळला तर प्रीलोड वाढून बेअरिंग तापेल, आणि तुमचा दुपारचा +८३ आणखी फुगेल. आवळल्यावर गोळीचा प्रयोग पुन्हा करा. २-३ मायक्रॉनवर आला तर सोडून द्या, वर्ग ७ च्या स्क्रूकडून त्याहून जास्त अपेक्षा नको.

---

मापनकट्टा

बेअरिंग झाल्यावर टेबल. नियंत्रकाला सम अंतराचं टेबल लागतं. ५० मिमीचं घ्या, पण मोजणीचे बिंदू यादृच्छिक ठेवा: ३.२, ५७.९, १०४.६ असे. आयएसओ २३०-२ मध्येही लक्ष्यबिंदूंना यादृच्छिक जोड द्यायला सांगितलंय, ते याच लहरीसाठी. प्रत्येक बिंदू दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा. थांबल्यावर ३ सेकंद थांबा, मग वाचन. स्लाइड स्थिरावण्याआधी वाचलं तर तुम्ही फॉलोइंग एरर (स्लाइड आदेशाच्या जितकी मागे आहे ते अंतर) कॅलिब्रेट करताय.

---

सर्व्हो_सोबती

इथे माझा मतभेद आहे. यादृच्छिक बिंदू पडताळणीसाठी बरोबर, टेबल भरण्यासाठी नाही. लहरीचा ±४ प्रत्येक बिंदूत वेगळ्या प्रमाणात घुसेल. एका बिंदूवर +४ आणि शेजारच्यावर −४ पडलं तर टेबलमध्ये ५० मिमीत ८ मायक्रॉनचा खोटा उतार तयार होतो आणि नियंत्रक तो इमानाने राबवतो. टेबलसाठी लीडच्या पटीतले बिंदूच घ्यावेत. ०, ५०, १०० सगळे स्क्रूच्या एकाच कोनात, त्यामुळे लहरीचा भाग सगळीकडे सारखा आणि शून्याशी तुलना केल्यावर नाहीसा.

---

मापनकट्टा

मान्य. मी दोन कामं एका वाक्यात कोंबली. टेबल लीडच्या पटीत मोजून भरायचं, आणि भरल्यावर पडताळणी यादृच्छिक बिंदूंवर करायची. पडताळणीसुद्धा ५० च्या पटीत केली तर ज्या प्रश्नपत्रिकेचा अभ्यास केला तीच परीक्षेत आली असं होईल. आकडे सुंदर येतील, खरे नसतील.

टेबल भरताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

चिन्ह. काही नियंत्रक एरर मागतात आणि स्वतः उलटवतात, काही थेट दुरुस्ती मागतात. मॅन्युअलची भाषा दोन्ही अर्थांनी वाचता येते. वाद घालत बसण्यापेक्षा ५०० च्या खान्यात १०० मायक्रॉन टाका आणि स्लाइड कुठे सरकते ते डायलवर बघा. पाच मिनिटांत निकाल.

बेरीज की फरक. काही टेबलांत प्रत्येक बिंदूची शून्यापासूनची एकूण दुरुस्ती लिहायची असते, काहींत मागच्या बिंदूपासूनचा फक्त फरक. −४३ एकूण म्हणून लिहायचे तिथे फरक लिहिले गेले तर टोकाला जेमतेम ४-५ मायक्रॉनची दुरुस्ती होते आणि माणूस म्हणतो टेबल लागूच होत नाहीये.

जुनं टेबल. मोजण्याआधी ते आणि बॅकलॅश दोन्ही शून्य करा, बॅकअप घ्या, होमिंग करा. बऱ्याच नियंत्रकांत होमिंग झाल्याशिवाय टेबल लागूच होत नाही.

तुमचा भाग स्टीलचा आहे म्हणून ११.७ लावून आलेले −४३ वालेच आकडे भरा. मग २७ अंशांना स्लाइड ९००.०७४ जाईल आणि ते बरोबर आहे, कारण भागही तेवढाच फुगलेला आहे. त्याच मशीनवर कधी ॲल्युमिनियम आलं तर त्याचा गुणांक २३ च्या आसपास. २७ अंशांना ९०० मिमीत आणखी ७१ मायक्रॉन जास्त जावं लागेल. ते प्रोग्रॅममध्ये स्केलिंगने करा, टेबलला हात लावू नका.

---

तेलदाब

विषयाला थोडा फाटा. हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह सेन्सर (पिस्टनवरच्या मॅग्नेटवरून जागा मोजणारा) आहे, १ मीटर स्ट्रोक, ४-२० मिलीअँप. पीएलसीत (मशीनच्या नियंत्रकात) रीडिंग ३०-४० मायक्रॉनने नाचतं. टेबल भरून हे कमी होईल का?

---

सर्व्हो_सोबती

नाही. टेबल फक्त त्याच एररवर चालतं जो दर वेळी त्याच जागी तेवढाच येतो. नाचणाऱ्या आकड्याला टेबल नसतं.

४-२० मिलीअँपला पीएलसीत ० ते २७,६४८ असं स्केलिंग असेल तर १ मीटरला एक पायरी ३६ मायक्रॉनची. तुम्ही शेवटच्या बिटाचा नाच बघताय. कमी हवं असेल तर एसएसआय किंवा दुसरा डिजिटल आउटपुट असलेला सेन्सर घ्या. फिल्टर लावला तर आकडा शांत होईल, पण लूपमध्ये उशीर शिरेल आणि सिलिंडर डोलायला लागेल.

कॅलिब्रेशन दोन बिंदूंनीच करा, पण टोकांवर नको, १० आणि ९० टक्क्यांच्या आसपास. टोकाला सिलिंडर कुशनमध्ये (धक्का शोषणाऱ्या भागात) असतो. स्टार्ट-स्टॉप प्रकारचा डिजिटल सेन्सर असेल तर हेड किंवा रॉड बदलल्यावर नव्या प्लेटवरचा ग्रेडिएंट (ध्वनीच्या वेगाचा आकडा) नियंत्रकात टाकायला विसरू नका. वेव्हगाइडमधला (सेन्सरच्या रॉडमधल्या तारेतला) ध्वनी साधारण २८०० मी/सेकंद जातो, पण प्रत्येक रॉडचा आकडा थोडा वेगळा, म्हणूनच तो प्लेटवर छापतात. आणि मॅग्नेटची रिंग साध्या लोखंडी स्क्रूने थेट पिस्टनवर बसवली असेल तर चुंबकक्षेत्र वाकडं होतं. मधे चुंबकीय नसलेला स्पेसर आणि स्टेनलेस किंवा पितळी स्क्रू हवेत.

---

स्लाइडवाला

लॉकनटच्या चेहऱ्यावर खरंच एक बर होता. नट बदलला, टॉर्क तक्त्याप्रमाणे. गोळीवरचा झोका २ मायक्रॉन, दिशेचा फरक ३, लहर ±१.५.

चिन्हाची चाचणी उपयोगी पडली, आमचा नियंत्रक थेट दुरुस्ती मागतो. ५० च्या पटीत मोजून टेबल भरलं आणि यादृच्छिक २१ बिंदूंवर पडताळलं: थंड स्थितीत दोन्ही दिशा धरून सगळं ±४ च्या आत. बॅकलॅशच्या खान्यात ३ टाकावेत का? आणि दोन तासांनी ९०० वर अजून +४९ येतात, त्याचं काय?

---

जुना_फिटर

३ च्या जागी २ टाका. कमी पडलेला १ मायक्रॉन कुणाला दिसणार नाही, जास्त झालेला १ मात्र प्रत्येक वळणावर सर्व्होला खाजवतो.

---

मापनकट्टा

४९ मायक्रॉन म्हणजे ९०० मिमी स्टीलला सरासरी ४.७ अंश. नटच्या घर्षणाने स्क्रू तापतोय, बेड नाही. ±१५ मध्ये बसायचं तर हे टेबलने होणार नाही, कारण ते जागेवर नाही, वेळेवर अवलंबून आहे.

बिनखर्चाचा उपाय: पाळी सुरू होताना वॉर्मअप सायकल आणि गरम स्थितीतला ऑफसेट. पण अर्धा तास मशीन थांबलं की स्क्रू निवतो आणि एरर उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे विश्रांतीनंतरही सायकल हवी.

मधला उपाय: नटच्या फ्लँजमध्ये पीटी१०० (तापमानाचा सेन्सर) बसवा आणि तापमानानुसार स्केलिंग करा. गुणांक पुस्तकातून घेऊ नका, कारण नटचं तापमान म्हणजे स्क्रूचं सरासरी तापमान नव्हे. गरम होताना दर १० मिनिटांनी ९०० वरचा एरर आणि नटचं तापमान लिहा, आलेख काढा, त्याचा उतार वापरा. स्क्रू वाढतो तो फिक्स्ड बेअरिंगपासून, तुमच्या शून्यापासून नाही. शून्य बेअरिंगपासून ८० मिमीवर असेल तर ४.७ अंशांना शून्यच ४.४ मायक्रॉन सरकतं, तेही हिशोबात धरा. स्क्रू ताणून बसवायचा उपाय तुमच्याकडे चालणार नाही. त्याला दोन्ही टोकांना ताण झेलणारी फिक्स्ड बेअरिंग लागतात.

पक्का उपाय लिनियर स्केल. मग स्क्रू तापला तरी पोझिशन स्केलवरून येते. तरी तापमान संपलं असं समजू नका. काचेचा गुणांक साधारण ८, म्हणजे २७ अंशांना ९०० मिमीत ती ५० मायक्रॉन वाढते आणि तुमचं स्टील ७४. मधले २४ टेबलच्या उतारात घालावे लागतील, आणि खोली ३२ ला गेली की ते ४० होतील.

---

सर्व्हो_सोबती

स्केल घ्यायची ठरली तर १ व्होल्ट पीक-टू-पीक साइन-कोसाइन आउटपुटवाल्या प्रकारात एक जादा कॅलिब्रेशन येतं. दोन्ही सिग्नल ऑसिलोस्कोपवर एक्स-वाय मोडमध्ये लावा, स्वच्छ वर्तुळ दिसलं पाहिजे. २० मायक्रॉनच्या पीरियडला एका चॅनेलचा १ टक्का ऑफसेट साधारण ३० नॅनोमीटर एरर देतो, अँप्लिट्यूडमधला १ टक्का फरक त्याच्या निम्मा. तुमच्या ±१५ मायक्रॉनला हे नगण्य आहे, पण सावकाश चालताना मोटर गुणगुणायला लागली तर कारण इथे शोधा. वर्तुळ लहान झालं तर रीडहेडचं अंतर किंवा काचेवरचं तेल बघा, सॉफ्टवेअरमध्ये गेन वाढवू नका.

जुनं टेबल स्केल लावायच्या आधी शून्य करा. ते स्क्रूचं होतं.